हलकी डबी

जुने-नवे गेम घेणाऱ्या-विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत पॉलिशवाली एकवीस वर्षं चाकापाशी बसली. व्हिडिओ गेमच्या सीड्या ओरखडून यायच्या. ती चाकावर धरायची आणि अशी उजळून द्यायची, की सीडीत तोंड बघून भांग पाडावा. डबी न उघडता, नुसती तळहातावर घेऊन सांगायची, आत सीडी आहे की नाही. पुढं गल्ल्यावर तिचा थोरला भाऊ, दादा.

मग नव्या डब्यांत सीडी येईनाशी झाली. आत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर कोड. तो टाकला की गेम यंत्रात उतरायचा. एकदा वापरला की दुसऱ्याला तो कोड चालायचा नाही. दादाला मागची खोली मोकळी हवीच होती. चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "आता काय चिठ्ठी घासणार? तुझ्या हाताचं काम संपलं. चाक भंगारात जाईल." गिऱ्हाइकं हसली. तिनं चाक पुसलं.

पुढच्याच आठवड्यात कुणी जुन्या डब्यांचा ढीग विकायला आणला. दादानं सवयीनं, न उघडता घेतला आणि पुसायला बहिणीकडं सरकवला. पहिली डबी वाळक्या पानासारखी हलकी. दुसरीही. सगळ्याच. तिनं एकेक निगुतीनं पुसून मांडणीवर लावली.

तीन डब्या नेणारं गिऱ्हाईक संध्याकाळी परतलं. तिन्ही कोड आधीच वापरलेले. भर दुकानात त्यानं दादाला ठग म्हटलं.

दादा मागं आला. "तुला ठाऊक होतं."

"हातात घेतल्याघेतल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या हाताचं काम संपलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी दादानं तिला पुढं बसवलं, येणाऱ्या डब्या तोलायला. पण पहिल्याच गिऱ्हाइकानं विकायची नवी कोरी डबी उचलली, तशी तिनं ती हातात घेतली. "रिकामी आहे."

"अगं, नवी आहे ती," दादा दात आवळून हसला.

"नवी आहे. रिकामीही आहे." ती गिऱ्हाइकाला म्हणाली, "भाऊ, यात खेळायची परवानगी तेवढी आहे. कंपनीची मर्जी असेल तोवर."

गिऱ्हाइकानं डबी ठेवली. दुसऱ्यानंही ठेवली. दुपारपर्यंत दादाचा चेहरा राखेसारखा झाला.

"ऊठ इथून," तो पुटपुटला.

"मागं जाते. चाक राहील?"

दादानं तिचं स्टूल उचललं आणि स्वतः मागच्या खोलीत नेऊन आपटलं.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. चाक तेवढं जुन्या सीड्यांवर घरघरतं, आणि दादाला ते दिवसभर ऐकावं लागतं.