कॅप्टनसाहेबांची घाई

आमच्या धाकट्या दिरांना घरातसुद्धा कॅप्टन म्हणतात. म्हणजे जाऊ म्हणते; मी भाऊजीच म्हणते आणि ते त्यांना झोंबतं. दोन माणसांच्या चिमुकल्या विमानांत मुलांना उडायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. पण माणूस पहिल्यापासून उतावळा, वर तोरा. स्वतःचं ताट रिकामं झालं की दुसऱ्याला म्हणणार, "चावत काय बसलाय?"

उड्डाणाआधी विमान धावपट्टीजवळ नेऊन उभं करायचं, ब्रेक लावायचे आणि मगच इंजिनाच्या, समोरच्या तबकड्यांवरच्या काट्यांच्या तपासण्या करायच्या, अशी रीत. भाऊजींना ते उभं राहणं म्हणजे वेळेची नासाडी. विमान जमिनीवरून रांगत असतानाच ते मुलांना तपासण्या उरकायला लावत. वर जेवणाच्या टेबलावर त्याची फुशारकी.

मग व्हायचं तेच झालं. भाऊजी आणि शेजारी बसलेली शिकाऊ मुलगी, दोघांच्याही माना काट्यांत खुपसलेल्या आणि पुढे एक विमान धावपट्टी मोकळी व्हायची वाट बघत उभं. भाऊजींच्या विमानाच्या नाकावरच्या पंख्यानं त्याची शेपटी काकडीसारखी चिरली. त्या विमानातला मुलगा वाचला, हे नशीब.

चौकशी लागली. आदल्या संध्याकाळी भाऊजींनी त्या शिकाऊ मुलीला घरी बोलावलं. मी जावेकडे आलेलीच होते.

"उद्या सांगायचं, सर थांब म्हणाले होते, मीच ऐकलं नाही."

"पण सर, ब्रेक लावू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, चालू दे."

"कुणी ऐकलंय? आत आपण दोघंच होतो. तू लहान आहेस, दुसरं काही शिकशील. माझं लायसन गेलं तर मी या वयात काय करू?"

"घरचे मला पुन्हा विमानात बसू देणार नाहीत, सर."

जाऊ मध्ये पडली. "अगं, पोटच्या मुलीसारखं शिकवलंय त्यांनी तुला."

"पोटच्या मुलीच्या गळ्यात धोंडा बांधतात होय?" मी म्हटलं.

"वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"विमानातलं काही नाही. पण चालत्या विमानात तपासण्या उरकून घेता, हे तुम्हीच मला शंभरदा ऐकवलंय. उद्या मी ते चौकशीत ऐकवून येते."

"घरच्या आहात तुम्ही!"

"म्हणून तर ऐकावं लागलं."

गेले. चौकशीवाल्यांनी आधी "आजी, बसा, पाणी घ्या" करून मला वाटेला लावायला पाहिलं. मी पाणीही प्यायले आणि सांगितलंही. मग त्यांनी भाऊजींचे जुने विद्यार्थी बोलावले. सगळ्यांनी तेच सांगितलं. भाऊजींचं शिकवणं बंद झालं. मुलीवर ठपका आला नाही, ती उडते आहे.

जाऊ माझा फोन उचलत नाही. भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, वहिनीनं मला आयुष्यातून उठवलं. सांगू देत. इतक्या मोठ्या आवाजात सांगताहेत म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.