मामांचा वासाचा सिनेमा

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्या काळात शहरात काहीही घडलं, तरी माझ्या बायकोच्या मामांनी ते तोंडाने जाहीर केल्याशिवाय ते घडल्यासारखं वाटतच नसे, असं माझं ठाम मत आहे. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, राहायचे तेलीबांध्याला, तलावाच्या काठी. मामी शाळेत शिकवायच्या. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आणि त्या दिवसापासून मामांनी जगाचं धावतं वर्णन सुरू केलं. रस्त्याने जाताना, "समोरून स्कूटरवाला येऊन राहिला, मागं बायको, लाल साडी." लग्नात मंगलाष्टकांच्याही वर, "नवरदेवाले घाम फुटला." मामी सोबत नसल्या तरी तोंड चालूच, एकटे भाजीला गेले तर वांग्यांचं वर्णन वांगेवाल्यालाच ऐकवत. शिवाय दिसेल त्याला थोडा रंग लावून सांगायची सवय. शेवाळलेल्या तलावात त्यांना बारा महिने कमळं दिसत, आणि मी घरात शिरलो की, "जावईबापू आले. वाळले बिचारे," म्हणत. तेव्हा माझं वजन चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. मामी माझा दंड चाचपत आणि गालातल्या गालात हसत.

दोघांनाही सिनेमाचं भारी वेड. टॉकीजमध्ये मामा अख्खा सिनेमा मामींना सांगत, म्हणजे ओघानेच पुढच्या-मागच्या चार रांगांनाही. "भैया, चुप रहिए ना," हे वाक्य त्यांना तिकिटाबरोबरच मिळायचं. एकदा मध्यंतरात लोकांनी इतका गिल्ला केला की दारवानाने दोघांना बाहेर काढलं. पायऱ्या उतरताना मामी म्हणाल्या, "आता मी सिनेमाले येत नाही. माझ्यापायी तुम्हाले लोकं बोलतात." त्या खरंच गेल्या नाहीत आणि मामाही एकटे गेले नाहीत. पण मामींना पुन्हा पडद्यासमोर बसवायचंच, हे त्यांनी मनाशी धरलं. मामा काही मनाशी धरत तेव्हा सगळ्या नातेवाइकांना कामाला लावत.

अशात इंग्लंडात नोकरी करणारा माझा मेहुणा सुटीवर आला आणि त्याने वासाचा सिनेमा आणला. तिकडच्या कुणा हौशी मंडळींनी थोडक्या पैशांत भागवून काढलेला विनोदी सिनेमा. एक घर, एक म्हातारी, एक कुत्रा. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला की सोबतच्या कार्डावरचं त्या आकड्याचं वर्तुळ नखाने खरवडायचं आणि हुंगायचं. मामा हरखून गेले. "याले डोळे लागतच नाही," ते म्हणाले, "अन् मले बोलाचं कामच नाही." घरी टीव्हीवर लावू म्हटलं तर, "राजधानी झाली ना भाऊ आता. हॉल पाहिजे."

तात्यापारा मोहल्ल्यात एक हॉल मिळाला, प्रोजेक्टर भाड्याने आला, नातेवाईक आणि शेजारीपाजारी जमले. कार्ड एकच, ते मामींच्या हातात. बाकीच्यांसाठी वास काढायचं मामांनी स्वतःकडे घेतलं. बाजूच्या खोलीत स्टोव्ह, त्यावर लसणाची फोडणी. शेजारी गुलाबपाणी, कापूर आणि कुत्र्यासाठी ओल्या पोत्याचा तुकडा. आकडा दिसला की तो तो वास आरतीच्या तबकात ठेवून ते अंधारात रांगांमधून फिरू लागले. आता अंधारात समोर तबक आलं की आपला माणूस काय करणार? लोकांनी त्यावरून हात फिरवून डोळ्यांना लावले. एका आजींनी फोडणीत रुपया टाकला. पोत्यालाही नमस्कार झाला. त्यात गुलाब मागच्या रांगेत पोचेपर्यंत पडद्यावर कुत्र्याची आंघोळ सुरू झालेली असे. इंग्रजीही असं की निम्मा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडातच राहायचा, कुणालाच काही कळेना. मामा घामाघूम झाले होते, पण तोंडातून चकार शब्द नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मामींचा आवाज आला, "अहो, वास पुरे झाले. कोन आला ते सांगा ना."

मामांनी रांगांकडे पाहिलं. त्यांना इतकं घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "हव काका, बताइए ना. कुछ समझ नहीं आ रहा."

मामा हातातल्या तबकासकट पडद्याशेजारी उभे राहिले आणि बोलू लागले. इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच येत होतं. तरी दारात आलेला टोपीवाला हा म्हातारीचा लहानपणी रुसून गेलेला भाऊ, तो भाऊबीजेला आलाय आणि तिने त्याला ओळखलं नाही, हे त्यांनी असं रंगवलं की त्या विनोदी सिनेमात बायकांनी डोळे पुसले. शेवटी टाळ्या पडल्या त्या मामांना. मलाही भरून आलं, उगाच कशाला लपवू?

दोघांना गाडीने घरी सोडायला मीच होतो. मामा स्टोव्ह आणायला आत गेले तेव्हा मी मामींना विचारलं, "कसा वाटला सिनेमा?"

"तो टोपीवाला भाऊ नव्हता," मामी म्हणाल्या. "गॅसचा मीटर पाहाले आला होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अजी, शाळेत इंग्रजीच तर शिकवत होती मी."

"मग मामांना तसं का नाही सांगितलं?"

"काहून सांगू? त्या सिनेमात काही दम नव्हता. यांचा चांगला होता."

मामा आले, स्टोव्ह मांडीवर घेऊन मागे मामींशेजारी बसले आणि तेलीबांधा लागताच सुरू झाले, "तलाव आला. लय कमळं फुलली आज." तलावाचा दर्प गाडीत भरला होता. मी घाईघाईने काच वर करायला लागलो, तर मागून मामींचा हात माझ्या खांद्यावर आला.

"राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या, आणि मामांकडे वळून त्यांनी विचारलं, "कोणत्या रंगाची?"