मास्तरांचं जास्तीचं माप

दुकान लेकीकडे सोपवलं, तरी शिंपीमास्तरांच्या गळ्यातली टेप काही सुटली नाही. रोज सकाळी ते गल्लीतल्या खड्ड्यांची मापं घेऊन कोपऱ्यावरच्या फळ्यावर लिहीत. तक्रारींना भीक न घालणारं नगरपालिकेचं ऑफिस त्या आकड्यांपुढे मात्र वरमलं. परवा डांबर आलं, फळ्यावरचे सगळे खड्डे बुजले आणि वर दोन घमेली उरली.

"मास्तर, माप चुकलं की!" मुकादम वैतागला.

"शिवणीला दोन इंच जास्त सोडायची सवय आहे बाबा, हात ऐकत नाही. उरलेलं आमच्या दारातल्या खड्ड्यात ओत."

बायको कडाडली, "हा खड्डा फळ्यावर कधी का नाही लिहिलात?"

"अगं, शिंपी स्वतःसाठी नवं कापड फाडतो का कधी? गिऱ्हाइकाच्या उरलेल्यातच त्याचा सदरा होतो."