घाटघरच्या वाटेवर मी विझवलेला लाल दिवा

घाटघरला जायचं ठरवलं ते माझ्या जावयाने, दत्तारावांनी. मी ठरवलं असतं तर आम्ही राहुरीच्या बाहेर पडलोच नसतो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोबाईल नव्हते. दत्तारावांनी एका परदेशी मदतीच्या प्रकल्पाची जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी लिलावात घेतली होती. उंच, पांढरी, दगडधोंड्यातून चालणारी. माझी बायको शेवंता लग्नापासून म्हणत होती, घाटघरच्या कड्यावर उभं राहून खाली कोकण बघायचंय. दिवाळीनंतर मुलगी सुमन म्हणाली, "आई, या रविवारी चल." मी म्हणालो, "गाडी जुनी आहे." सुमन म्हणाली, "आण्णा, तुम्हीपण जुनेच आहात, तरी घेतोय ना बरोबर?"

पहाटे निघालो. लोणीमार्गे संगमनेर, तिथून अकोले, राजूर आणि पुढे भंडारदऱ्याचं शेंडी गाव. रस्ता संगमनेरपर्यंत बरा, पुढे खड्डे. ऊस तोडणीच्या गाड्या सुरू झाल्या होत्या, म्हणून हळू जावं लागलं. मी पुढे बसलो होतो. ट्रक समोर आला की माझा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जणू माझ्याकडेच ब्रेक आहे.

संगमनेरच्या बाजारात समोर एक बैलगाडी थांबली. दत्तारावांनी ब्रेक दाबला. आमची गाडी अगदी माणसाच्या चालीने चालली होती, पण पायाखालून टर्रर्र असा आवाज आला आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे सरकली. बैलगाडीच्या मागच्या फळीपासून वीतभर अंतरावर थांबली. गाडीवान ओरडला, "दिसत न्हाई व्हय रं?" वेगात असताना ब्रेक चांगला लागायचा. थांबता थांबताच तो दगा द्यायचा.

तसेच जपून राजूरपर्यंत गेलो. तिथे युनूसभाईंचं गॅरेज होतं. काही वर्षं मुंबईत परदेशी गाड्यांवर काम केलेला माणूस. त्यांनी आधी दत्तारावांना मोकळ्या जागेत गाडी हळू चालवून ब्रेक मारायला लावला. मग जॅक लावून चारही चाकं काढली, प्रत्येक चाकामागच्या एका वायरीला मीटर लावला.

"वायरी चारी धड हायेत," ते म्हणाले. "चाचा, हिकडं या. हे बघा. परत्येक चाकापाशी एक डोळा हाय. चाक फिरतंय का न्हाई ते हा बघतो अन् आतल्या डब्याला सांगतो. चाक अडकून घसरतंय असं डब्याला वाटलं, की तो त्या चाकाचा ब्रेक सोडून देतो."

"म्हणजे आपण दाबायचा आणि त्याने सोडायचा?" मी विचारलं.

"व्हय. घसरगुंडीवर ते चांगलंच हाय. पर ह्या पुढच्या डाव्या चाकाचा डोळा बघा. खाली गंज फुगलाय, त्यानं डोळा वर उचललाय. लांबून त्याला हळू फिरणारं चाक दिसतच न्हाई. गाडी मंद झाली की त्याला वाटतं चाक अडकलं."

"मग काढून गंज खरवडा," दत्ताराव म्हणाले.

"गच्च बसलाय साहेब. काढताना तुटंल. तुटला तर मुंबैशिवाय मिळायचा न्हाई." त्यांनी स्टिअरिंगखालच्या पेटीतून एक फ्यूज उपसला, कागदात गुंडाळला आणि ॲशट्रेमध्ये ठेवला. "आता डबा झोपला. साधे ब्रेक राहतील, पक्के. फक्त समोर लाल दिवा जळत राहील. जळू द्या. घाबरू नका."

शेवटचे दोन शब्द माझ्याकडे बघून म्हणाले.

शेंडीत धरणाजवळ एका घरगुती खानावळीत खोली मिळाली. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वर तांदळाची खीर. कोणी जाणार असाल तर जेवण आधी सांगून ठेवा, सांगितल्याशिवाय चूल पेटत नाही. सगळे पोटभर जेवले. माझ्या डोळ्यांसमोर तो लाल दिवा होता. राजूरपासून शेंडीपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता असं मला वाटत होतं.

मी सातवी शिकलेला माणूस. अठ्ठावीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये काढली. तिथे लाल दिवा लागला की हातातलं टाकून पळायचं आणि तो विझेपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढंच माझ्या अंगात मुरलेलं. दिवा जळत ठेवून कड्यावर जायचं, हे माझ्या मनाला पटेना. मशीनमधला भाग काढून ठेवला तर मशीन अधू झालं, असंही वाटत राहिलं.

सकाळी दत्ताराव चहा सांगायला गेले. मी गाडीत बसलो, ॲशट्रेमधला कागद उलगडला आणि फ्यूज रिकाम्या खाचेत दाबून बसवला. नंतर दत्तारावांनी किल्ली फिरवली. दिवा लागला आणि दोन क्षणांत विझला.

"बल्ब उडाला वाटतं," दत्ताराव म्हणाले.

मी ॲशट्रेचं झाकण लावून टाकलं. खरं सांगतो, त्या वेळी मला फार हलकं वाटलं.

शेंडीहून धरणाला वळसा घालत मुरशेतवरून घाटघरला रस्ता जातो. उजवीकडे डोंगर, डावीकडे पाणी, शेतात कापलेल्या भाताचे भारे. रस्ता म्हणण्यासारखा नव्हता, त्यामुळे गाडी उड्या मारत होती, पण ब्रेक लागत होता, कारण पूर्ण थांबायची वेळ कुठे आलीच नाही. मी दर वळणावर दिव्याची जागा बघत होतो. काळीच होती. शेवंता मागून म्हणाली, "अहो, बाहेर बघा जरा. डोंगर बघायला आलोय, मीटर बघायला न्हाई."

घाटघरच्या पुढे गवताचा उतार आहे आणि उतार संपतो तिथे जमीनच संपते. तेव्हा कठडा नव्हता. दत्ताराव हळूहळू पुढे निघाले. "इथंच थांबा," मी म्हणालो. "अजून थोडं, मामा. आईंना चालायला नको." मग त्यांनी ब्रेक दाबला.

टर्रर्र.

गाडी थांबली नाही. दत्तारावांनी पाय आणखी जोरात दाबला, आवाज आणखी वाढला, आणि गाडी ओल्या गवतावरून शांतपणे पुढे जात राहिली. सुमन किंचाळली. दत्तारावांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. मागची चाकं घासत गेली आणि एका करवंदीच्या जाळीत गाडीचं नाक घुसलं. जाळीच्या पलीकडे आठ-दहा पावलं गवत होतं. त्यापुढे आभाळ.

एकेक करून उतरलो. शेवंता खालीच बसली. सुमन तिला धरून शेजारी बसली.

दत्ताराव घामाघूम झाले होते. "फसवलं त्या भाईने," ते म्हणाले. "पक्के म्हणाला होता. गाडी इथेच सोडू. तुम्ही चालत गावात जा. मी राजूरला जाऊन त्याची गचांडी धरतो."

मला तेव्हा एक गोष्ट सुचली होती, ती इथे लिहितो. दत्ताराव गेल्यावर गुपचूप फ्यूज काढून ठेवला असता तर कोणाला कळलं नसतं. युनूसभाई शिव्या खाऊन मोकळे झाले असते. पण शेवंता आणि सुमन गवतावर बसल्या होत्या, आणि माझ्याने ते होईना.

"भाईचा दोष न्हाई," मी म्हणालो. "फ्यूज मी बसवला. सकाळी. दिवा बघवत नव्हता."

दत्तारावांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीत वाकून त्यांनी फ्यूज उपसला आणि स्वतःच्या खिशात घातला. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला. गाडी मागे घेतली, सपाट जागी आम्हाला लांब उभं करून दहा-बारा वेळा हळू चालवून थांबवली. प्रत्येक वेळी ती जागच्या जागी थांबली.

शेवंता म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं बॉयलर सांभाळला, आता जावयाची गाडी सांभाळायला निघालेत!" एरवी सुमन हसली असती. ती म्हणाली, "आण्णा, तुम्ही मागं बसा. पुढं मी बसते."

परतीच्या वाटेवर मी दोन सीटांच्या मधून तो दिवा बघत होतो. आता भीती वेगळीच होती, तो विझेल की काय याची.

राजूरला दत्तारावांनी युनूसभाईंना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. "चाचा," ते म्हणाले, "मी कागदावर लिहून द्यायला पायजे हुतं. माझं बी चुकलं." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

दीड महिन्यांनी मुंबईहून सुटा भाग आला. जुना डोळा काढताना तुटलाच. खालचा गंज कानशीने घासून नवा बसवला, फ्यूज परत घातला, तेव्हापासून गाडी नीट थांबायला लागली. कोणाकडे तशी जुनी गाडी असेल तर हळू चालवून ब्रेक तपासा, वेगात तपासून काही कळत नाही. आणि कड्यापाशी गाडी नेऊ नका, शंभर पावलं चाला.

शेवंताने त्या दिवशी कोकण पाहिलं, पोटावर झोपून, कडेला तोंड काढून. खाली कौलं दिसतात म्हणाली. मी पाहिलं नाही. मी गाडीपाशी उभा राहून चाकाखाली दगड लावत होतो.

मध्यंतरी सुमन आली होती. बोलता बोलता म्हणाली, "आण्णा, घाटघरचा रस्ता आता डांबरी झालाय. आईला परत न्यायचं का?"

"जाऊ की," मी म्हणालो. "एसटीनं जाऊ."

मला वाटलं ती हसेल.

"एसटीनंच," ती म्हणाली, आणि आत चहा ठेवायला गेली.