भट्टीजवळची शाल

शाल दिसली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या मंठ्यात कुणी शिंकलं तरी शाल-नारळ घेऊन माणसं दारात उभी. करा की बाबांनो सत्कार, हौसेला मोल नसतं. पण भट्टीपाशी?

घरामागच्या मोकळ्या जागेत मी राकूची, म्हणजे जपानी पद्धतीची मातीची भांडी भाजते. तेलाच्या जुन्या पिंपाची भट्टी, खालून गॅसचा बर्नर. भांडं लालभडक झालं की लांब सांडशीनं उचलायचं, शेजारच्या भुशाच्या डब्यात ठेवायचं. भुसा पेट घेतो, की लगेच वर झाकण. आतल्या धुरानं मग भांड्यावर रंग उतरतात. एकटीनं करायचं तर सांडशी टाकून झाकणाकडं धावावं लागतं, म्हणून झाकणावर माझी धाकटी जाऊ. गल्लीतल्या निम्म्या बायांचे ब्लाउज ती शिवायची, हात फार हलका. आमचे नियम साधे: अंगावर सुती कपडा, पदर खोचलेला, हातात कातडी मोजे, आणि भट्टीपासून डब्यापर्यंतच्या वाटेत कुणी म्हणजे कुणी न्हाई.

माझ्या भांड्यांना कुठंसं बक्षीस मिळाल्तं, ते आमच्या ह्यांच्या डोक्यात गेलं. जालन्याहून एक मोठे पाहुणे, फोटोवाला, पाचसहा टाळ्या वाजवणारे, अशी वरात घेऊन हे मागच्या दारानं आत आले. माझी पाठ त्यांच्याकडं, डोळ्याला वेल्डिंगवाल्यांचा चष्मा, कानात बर्नरचा आवाज. मला काही पत्ताच नाही. जाऊ नंतर म्हणाली, "ताई, मी न्हाई म्हणून राह्यले व्हते. पण दादा म्हणले, पाहुणे खोळंबले, जल्दी ताट धर." थोरल्या दिराला ती बिचारी किती वेळा नाही म्हणणार? आणि हळदीकुंकवाचं ताट कातडी मोज्यांनी धरायचं कसं? तिनं झाकण खाली ठेवलं, मोजे काढले, ताट घेतलं.

मी गॅस बंद केला, भांडं उचललं, वळले. तेवढ्यात मागून खांद्यावर शाल पडली. आणि टाळ्या! अरे, अक्कल गहाण ठेवली होती का रे सगळ्यांनी? बाईच्या हातात विस्तव आहे, आणि तुम्हाला फोटो पाहिजे?

शाल घसरली, टोक भांड्यावर गेलं. चकचकीत नायलॉन ते, भपकन पेटलं. टाळ्यावाले सगळे मागं सरले. पुढं आली ती एकटी जाऊ. ताट फेकून तिनं शाल माझ्या अंगावरून ओढली, नुसत्या हातानं. नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटतं. मी भांडं मातीत टाकलं आणि तिचा हात पाण्याच्या बादलीत घातला. ती ओरडली नाही. मी ओरडले. तोंडाला येईल ते बोलले, आणि आमचे हे म्हणतात कसे, "पाहुण्यांसमोर असं बोलतेत का?"

मला ओरखडासुद्धा नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत. सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारते. दरवेळी मी दोरा ओवते आणि दरवेळी त्या टाळ्या मला आठवतात.

परवा तीच मंडळी परत दारात. आता म्हणे जाऊबाईंचा सत्कार, धाडसी महिला म्हणून. हातात नवी शाल! माझा तोल जाणारच होता, पण जाऊ मशीनवरून उठली. डाव्या हाताच्या चिमटीत तिनं शालीचा काठ चोळून बघितला.

"सुती हाय का?"

शाल आणणारा म्हणाला, "वहिनी, चांगली भारीतली हाय."

तिनं शाल त्याच्याच खांद्यावर टाकली.

"मंग तुम्हीच पांघरा अन् चला मागं. ताई आत्ता भट्टी पेटवणार हायेत."