त्यांचा जावई, आमचा भाचा

आमच्या परतूरच्या कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान माझ्या गच्चीतून दिसतं. सिमेंटचं आहे, रेघा पुसट झाल्या आहेत, आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगचा कापूस उडून जाळीला चिकटतो. नात अकरावीत गेली आणि त्या मैदानावर खेळायला लागली, तेव्हापासून मी खेळ बघते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला बास्केटबॉल कसा कळतो, असं लोक विचारतात. त्यात न कळण्यासारखं काय आहे? बॉल हातात धरून पळायचं नाही, टप्पा देत जायचं. दुसऱ्याला ढकलायचं नाही. पाच फाउल झाले की बाहेर बसायचं. एवढं गाईच्या वासरालाही समजेल. पंचांना समजत नाही.

एका पंचाला तर बिलकुल समजत नाही. तो जालन्याच्या एका शाळेत खेळाचा मास्तर आहे आणि आमच्या भागातल्या कॉलेजांच्या स्पर्धा आल्या की शिट्टी त्याच्याच गळ्यात असते. आमच्या मुलींची गाठ दरवर्षी भोकरदनकडच्या एका कॉलेजाशी पडते, आणि दरवर्षी हा त्यांच्या बाजूने शिट्टी वाजवतो. त्यांची एक उंच पोर आहे, ती जाळीखाली उभी राहून दोन्ही कोपरं अशी चालवते, जशी गर्दीत भाजी घ्यायला निघालीय. तिला शिट्टी नाही. आमच्या पोरीचा श्वास लागला तरी फाउल.

शेजारच्या गच्चीवर किराणा दुकानवाल्यांची शेठाणी येऊन बसते. तिची माणसं राजस्थानातून आली त्याला तीन पिढ्या झाल्या, पण चिडली की अजून हिंदीवर जाते. मागच्या वर्षी त्या उंच पोरीने बॉल काखेत घेऊन चार पावलं टाकली, तरी शिट्टी वाजली नाही. तेव्हा शेठाणी उभीच राहिली.

"ये क्या बरात निकली है? नाचत नाचत चालली ती!"

"वाजवणार न्हाई तो," मी म्हणाले. "त्याची सासुरवाडी आहे तिकडं."

ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. त्याची बायको त्याच गावची. गावचा जावई म्हणजे काही एका घरचा जावई नसतो. तो चौकात उतरला की हॉटेलवाला चहाचे पैसे घेत नाही, म्हातारी माणसं ओट्यावरून उठून जागा देतात. अशा माणसाने त्या गावच्या लेकींच्या विरुद्ध शिट्टी वाजवायची म्हणजे संध्याकाळी सासूच्या हातचं जेवण कसं गिळायचं? हे मला कळतं. पण मग त्याने तिथली मॅच घेऊ नये. आजारी पडावं. माणसं लग्नाला न जाण्यासाठी आजारी पडतातच की.

यंदा नात शेवटच्या वर्षाला होती. विद्यापीठाच्या संघात जायचं तिच्या डोक्यात पहिल्यापासून होतं, आणि आता ही शेवटची संधी होती. पोरगी उंचीने बेताची, पण बॉल तिच्या हाताला असा चिकटतो की बघत राहावं. दोन वर्षं निवड करणारे तिला बघायला आले, आणि दोन्ही वेळा ती फाउल होऊन बाकड्यावर बसलेली दिसली. बसलेल्या पोरीत काय बघणार?

यंदा स्पर्धा आमच्याच कॉलेजवर होत्या. शनिवारी आमच्या मुलींनी आपली मॅच जिंकली आणि त्या भोकरदनकडच्यांनी त्यांची. रविवारी दुपारी फायनल. शनिवारी संध्याकाळी मी मागच्या दाराशी भांडी घासत होते, तर हा पंच कुंपणापाशी आला. कॉलेजने ठेवलेलं पाणी उन्हाने तापलं होतं.

"मावशी, गार पाणी मिळेल का?"

दिलं. शत्रू झाला म्हणून पाण्याला नाही म्हणत नाहीत. तो पीत असताना मी विचारलं, "कोणाचा रे तू?" आमच्याकडे अनोळखी माणसाला हेच विचारतात. त्याने बापाचं नाव, गाव सांगितलं. ते मला ओळखीचं वाटलं नाही. मग मी विचारलं, "अन् आईचं माहेर?"

"इथलंच की. याच गल्लीत होतं घर. मामा लोक औरंगाबादला गेले, मंग येणं तुटलं."

त्याने आजोबांचं नाव घेतलं आणि माझ्या हातातली घासणी थांबली. आमच्यापासून तिसरं घर. त्याची आई मी लग्न होऊन आले तेव्हा परकर नेसून माझ्याकडे मेंदी लावून घ्यायला यायची. गल्लीच्या नात्याने माझी नणंद. म्हणजे हा आमचा भाचा. त्यांचा जावई असेल तर असेल, पण भाचा आमचा होता, आणि तो आधीपासूनचा होता. जावई माणूस लग्नानंतर होतो, भाचा जन्मतो.

"मंग मावशी काऊन म्हणतो? मामी म्हण," मी म्हणाले. "उद्या मॅच झाली की जेवायला ये. भाचा दारावरून उपाशी गेला तर आम्हाला पाप लागंल."

तो वाकून पाया पडला. माणूस वाईट नव्हता. मला उगीच बरं वाटलं.

मी तशीच कॉलेजच्या खेळाच्या सरांकडे गेले. ते मैदानावर चुन्याने रेघा ओढत होते. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "उद्या सुरुवातीला पंचांचा सत्कार करता ना, तेव्हा त्याच्या कानात जरा म्हणा, की तुमचं आजोळ आहे हे. बस. जास्त न्हाई."

"आजी, तुम्ही तर कमाल केली!" सर म्हणाले. चुन्याचे हात तसेच जोडले.

कानात म्हणा, असं मी सांगितलं होतं. माझे शब्द मला बराबर आठवतात.

रविवारी सकाळी मी पुरण शिजायला ठेवलं. दुपारी गच्चीवर न बसता शेठाणीला घेऊन खाली मैदानाच्या कडेलाच बसले. भोकरदनकडची माणसं दोन जीप भरून आली होती. झाडाखाली खुर्च्या टाकून निवड करणारे दोघे बसले होते. टॉवेल-टोपी, नारळ झाले. मग सरांनी माईक हातात घेतला.

"आणि एक आनंदाची गोष्ट! आजच्या सामन्याचे मुख्य पंच हे दुसरेतिसरे कोणी नसून आपल्या परतूरचे भाचे आहेत! त्यांचं आजोळ ह्याच मैदानामागच्या गल्लीत! भाच्यासाठी जोरदार टाळ्या!"

मी डोक्याला हात लावला. शेठाणीने टाळ्या वाजवल्या, मग माझ्याकडे बघून थांबली.

समोरच्या बाजूने लगेच आवाज आला, "अहो दाजी! आता मामाकडून का?"

दुसरा ओरडला, "दाजी, सासुरवाडीचं मीठ आठवा!"

सगळं मैदान हसलं. झाडाखालचे ते दोघेही हसले आणि मग त्याच्याकडे निरखून बघायला लागले. त्या माणसाचं तोंड असं झालं, जसं भर पंगतीत कोणी त्याचं धोतर ओढलंय. टोपी त्याने काढली, नारळाबरोबर टेबलावर ठेवली आणि आमच्या बाजूला एकदाही न बघता मैदानात गेला. तेव्हाच मला कळलं, आज काही खरं नाही.

जावईपण इतकी वर्षं चाललं, कारण ते कोणी माईकवर सांगितलं नव्हतं. माहीत सगळ्यांना होतं, पण बोललं कोणी नव्हतं, म्हणून ते लपलेलं होतं. आमचं भाचेपण एक दिवसाचं होतं, आणि ते सरांनी गावभर वाजवून सांगितलं. आता तो आमच्या बाजूने खरी शिट्टी वाजवायलाही घाबरणार. आणि तसंच झालं.

पहिल्या पाच मिनिटांत नातीवर फाउल. ठीक आहे, हात लागला होता. पुढचा फाउल दिला तेव्हा समोरची पोर स्वतःच पाय घसरून पडली होती.

"घसरली ती! घसरली!" शेठाणी ओरडली. "हम अंधे हैं क्या?"

"ओ भाचे!" मी म्हणाले. "इकडं बघ जरा!"

बघितलं नाही. कशाला बघेल? उंच पोरीने आमच्या एकीला कोपर मारलं, तिच्या ओठातून रक्त आलं, तर हा म्हणतो, खेळ चालू. मैदानाच्या या टोकाला तो पोलीस होता आणि त्या टोकाला पाहुणा. पहिला अर्धा संपेपर्यंत नातीचे तीन फाउल झाले होते.

मधल्या वेळात मी सरांकडे गेले. "कानात सांगा म्हटलं होतं."

"आजी, मला वाटलं, सगळ्यांसमोर मान दिला तर खूश होतील."

"मान? तुम्ही त्याला चौकात बांधून ठेवला, सर."

"आता काय करू मग?"

"आता काही करू नका. बिलकुल काही करू नका. माईक तर हातातच घेऊ नका."

नात पाणी पीत होती. ती मला म्हणाली, "आजी, तू वर जाऊन बस. तू ओरडली की तो मलाच फाउल देऊन राह्यला."

मी वर गेले नाही, पण तोंडात पदर धरून बसले. नंतर पोरगी काय खेळली! चार जणींच्या मधून बॉल घेऊन अशी निघायची की समोरच्या एकमेकींवरच आपटायच्या. मागे पडलेल्या आमच्या मुली बरोबरीत आल्या. झाडाखालचा एक जण दुसऱ्याच्या कानात काही बोलला आणि दोघांनी नातीकडे बोट केलं. शेठाणीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

मग शेवटची काही मिनिटं राहिली असताना तो फाउल आला. नात बॉल घेऊन थांबली होती. थांबलेली होती, चालत नव्हती. ती उंच पोर बाजूने आली आणि तिच्यावर आदळली. दोघी पडल्या. शिट्टी वाजली. मी म्हटलं, आज देवाने डोळे उघडले. त्याने हात वर केला आणि बोट नातीकडे केलं. तो तिचा पाचवा होता.

नात उठली, बॉल त्याच्या हातात दिला, आणि बाकड्यावर जाऊन बसली. ती बसली आणि आमची मॅचही बसली. एका बास्केटने हरलो. समोरचे जीपवाले नाचले. "दाजी, जिंदाबाद!" असं एक जण ओरडला, तेव्हा दाजी पाण्याची बाटली शोधण्यात गुंतला होता.

बक्षिसांच्या वेळी निवडीची नावं वाचली. त्या कॉलेजच्या दोघी, त्यात ती कोपरंवाली, आणि आमच्याकडून उंच म्हणून एक. नातीचं नाव नव्हतं. सरांनी जाऊन विचारलं, तर म्हणाले, मुलगी चांगली आहे, पण प्रत्येक वेळी फाउल होऊन बाहेर जाते, संघाला असा खेळाडू परवडत नाही. हे ऐकून मी घरी आले. भांडण करायलाही कोणी उरलं नव्हतं.

मला वाटलं, आता तो काही जेवायला येत नाही. पण दिवे लागायच्या सुमारास दारात उभा. मनात आलं, दार लावून घ्यावं. पण सगळ्या गल्लीसमोर त्याला भाचा म्हणवून घेतला होता, आणि पुरणपोळ्या झाल्या होत्या. पाट मांडला. नात आंघोळ करून आली, त्याला बघितलं आणि तूप आणायला आत गेली.

तो खाली मान घालून जेवत होता. दुसरी पोळी वाढताना मी विचारलं, "पोरगी थांबलेली होती का चालत होती?"

"मामी, जेवताना काय..."

"मी वाढताना विचारून राह्यले. सांग."

त्याने घास ताटात ठेवला. "थांबलेली होती."

"मंग?"

"मामी, तुमच्या सरांनी माईकवर तसं सांगितलं. जीपवाले लोक मला बघून राह्यले होते. त्या वेळी तिकडं बोट केलं असतं तर उद्या सगळ्या तालुक्यात झालं असतं, की पंच मामाच्या गावाला विकला गेला."

नात तुपाची वाटी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "आणि दरवर्षी तिकडच्यांना सोडून देता, तेव्हा कोणी बघत नव्हतं का, दाजी?"

दाजी म्हणाली. नात्याने तो तिचा काका लागतो. पाहुण्याला असं बोलतात का, असं मी एरवी म्हटलं असतं. त्या दिवशी म्हटलं नाही.

त्याचे कान लाल झाले. "बघत होते," तो म्हणाला. "पण तवा कोणी हसलं न्हाई."

एवढंच. ते उत्तर खरं होतं, म्हणून माझा जास्तच संताप झाला. खोटं बोलला असता तर निदान शिव्या देता आल्या असत्या. तो म्हणाला, निवडवाल्यांना फोन करतो, माझी चूक झाली म्हणून सांगतो. नात म्हणाली, "नका करू. मंग म्हणतील, भाचा म्हणून करून राह्यला." तिने वाटी माझ्या हातात दिली.

त्याने ताटावर हात आडवा धरला, पाटावरून उठायला लागला. मी हात बाजूला केला आणि पोळीवर तूप ओतलं.

"बस. उपाशी उठलास तर ते पापही आमच्याच डोक्यावर यायचं. आजच्यापुरतं बास झालं."

तो बसला. नातीनेही आपलं ताट घेतलं, त्याच्या समोर मांडी घालून बसली आणि भुकेलेल्या माणसासारखी जेवली. दिवसभर काही खाल्लं नव्हतं पोरीने.