चारच्या वर कोणी नाही

वॉर्डात त्यांना ‘दहापैकी डॉक्टर’ म्हणत. अर्थात पाठीमागे. कॉटजवळ आले की जेवलात का, झोप लागली का, असलं काही नाही, थेट प्रश्न, “दहापैकी किती?” शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. एका सुताराने एकदा पंधरा सांगितले. डॉक्टर म्हणाले, “दहाच्या वर दुखणं नसतं. नीट सांगा.” सुताराने नीट सांगितलं.

उमेदीची वर्षं त्यांनी रक्ताच्या गुठळ्यांवर काढली होती. कॅन्सरमध्ये रक्त गोठायला टपलेलंच असतं. गुठळी बहुधा पायात धरते, पोटरी सुजते, ठणकते. तिथून सुटून ती फुफ्फुसात गेली की खेळ आटोपला. “पोटरी दुखते म्हटलं की हातातला घास टाकून धावायचं,” असं ते सिस्टरना दटावत. पुढे ते वेदनेकडे वळले. कॅन्सरच्या दुखण्यावर एक नवी गोळी आली होती. जुन्या औषधाची गुंगी नाही, ओकाऱ्या नाहीत. तिच्या चाचणीचा नियम त्यांनीच घातला: आकडा चारच्या वर गेला की गोळी नापास, रुग्ण चाचणीबाहेर, परत जुनं औषध.

रुग्णांना नियम कळायला वेळ लागला नाही. नवा माणूस भरती झाला की शेजारचा त्याला आधी संडास कुठे ते सांगे आणि मग, “तीनच्या पुढे जायचं नाही.” सिस्टरने एकदा विषय काढून पाहिला.

“सर, आपल्याकडे चारच्या वर कोणी जातच नाही.”

“गोळी चांगली आहे, सिस्टर.”

त्याच वॉर्डात त्यांची थोरली बहीण दाखल झाली. स्वादुपिंडाचा कॅन्सर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली, बोलण्यात कोणाला हार न जाणारी बाई. जुन्या औषधाने ओकून ओकून अर्धी झाली होती. नव्या गोळीवर पोटात चार घास राहू लागले. नात्यामुळे डॉक्टरांनी तिला तपासायचं नाही असं ठरलं होतं. आकडा एक ज्युनिअर डॉक्टरीण विचारी. ताई म्हणे, “तीन.” आणि ती गेली की शेजारच्या कॉटवरच्या बाईला म्हणे, “सख्ख्या भावाची गोळी. मी नापास करू? लहानपणी गणितात झाला तेवढा पुरे.”

भेटायला गेलेली डॉक्टरांची बायको घरी येऊन म्हणाली, “ताईंच्या डाव्या पायात चप्पल जात नाहीये.”

“दुखत असतं तर आकडा वाढला असता.”

“अहो, आकडा राहू द्या. पाय बघा ना!”

दुसऱ्या दिवशी ते गेले. कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले. ताईच्या अंगावर चादर होती.

“ताई, पाय दुखतोय का गं?”

“छे! तुझ्या बायकोने चपलांचं दुकान काढलंय का?”

ते हसले. शेकडो पोटऱ्यांना टेप लावून सूज मोजलेल्या या माणसाने चादर बाजूला केली नाही. तक्त्यावर तीन होते. ते पुढे निघून गेले.

दोन दिवसांनी न्हाणीघरातून परतताना ताई दारातच कोसळली. उचलून कॉटवर आणेपर्यंत संपली होती. शवविच्छेदनात फुफ्फुसाच्या मुख्य रक्तवाहिनीत गुठळी सापडली. शेजारच्या बाईला राहवलं नाही. “रात्र रात्र कण्हायच्या हो,” ती डॉक्टरांना म्हणाली. “पाय धरून बसायच्या. सकाळी तुमची ती डॉक्टरीण आली की तीन. साहेब, इथे सगळ्यांचेच तीन असतात.”

डॉक्टरांनी चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीपुढे जाऊन सांगितलं की आकडे खोटे आहेत, सगळे. समितीने जे करायचं तेच केलं. चाचणी बंद झाली, गोळ्यांचे डबे कपाटातून काढून खोक्यात भरून नेले. सुताराची बायको खोक्याच्या आडवी आली.

“बहीण तुमची गेली. औषध आमचं का नेता?”

डॉक्टरांनी समजावलं. खोट्या आकड्यांवर औषध चालू ठेवता येत नाही, उद्या हजारो लोकांना द्यायचं असतं.

“मग आम्ही खोटं कशाला बोलत होतो? हौस म्हणून? बरं वाटत होतं थोडं, म्हणूनच ना!”

तिला बाजूला करून खोकी गेली.

वॉर्ड पुन्हा जुन्या औषधावर आला. ताईच्या शेजारच्या त्या बाईशी आता कोणी बोलत नव्हतं; तिचा डबा आणून द्यायलाही कोणी उठेना. डॉक्टर तिच्या कॉटशी आले तेव्हा ती उशाशी ओकायला तसराळं घेऊन कुशीवर पडली होती.

“दहापैकी किती?”

“आता खरं सांगितलं तर चालतं?”

“हो.”

“नऊ,” ती म्हणाली. “तुमच्या ताईंची कीव आली म्हणून बोलले मी. झक मारली.”

डॉक्टरांनी नऊ लिहिले आणि पुढच्या कॉटकडे वळले.